नर्सिंग करताना मध्येच पैसे थांबले तर: कुठून सुरुवात करायची, कुणाकडे जायचं

बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांची पैशाची अडचण फर्स्ट इयरला सहसा दिसत नाही. पहिल्या वर्षी घरचे कसंही करून जमवतात, कुणी सोनं ठेवतं, कुणी जनावर विकतं, बँकेचा पहिला हप्ता येतो, महाडीबीटीचा म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा फॉर्म सायबर कॅफेवाला भरून देतो आणि सगळ्यांना वाटतं चला, चार वर्षांची सोय झाली. खरी गोची सेकंड इयर नाहीतर थर्ड इयरला होते. रिन्यूअल राहून जातं, वडिलांचं काम सुटतं, बँक म्हणते आधी मार्कशीट आणा, आणि अकाउंट सेक्शनमधून निरोप येतो की फी क्लिअर केल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही. मी नर्सिंगच्या पोरींना शिकवते, दरवर्षी कुणी ना कुणी डोळे पुसत येतंच, आणि सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. हे महाराष्ट्रातल्या, आरोग्य विद्यापीठाच्या म्हणजे नाशिकच्या एमयूएचएसच्या बी.एस्सी. नर्सिंगला धरून आहे. जीएनएमवाल्यांनाही (नर्सिंगचा डिप्लोमा करणाऱ्यांना) यातलं बरंच लागू पडेल, पण परीक्षेचे नियम त्यांचे वेगळे.

आधी बघा, पैसे संपलेत की अडकलेत

"मॅडम स्कॉलरशिप बंद झाली" असं म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींची स्कॉलरशिप बंद झालेली नसते, कुठेतरी अडकलेली असते. हे आधी शोधायचं, कारण दोन्हीवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि अडकलेल्या पैशासाठी नवीन कर्ज काढून बसलात तर उगाच व्याज भरत राहाल.

तर स्वतःच्या महाडीबीटी लॉगिनला जा. स्वतःच्या म्हणजे स्वतःच्याच, कॅफेवाल्याकडे पासवर्ड असेल तर आज मागून घ्या आणि बदला, त्याच्याच मोबाईल नंबरवर ओटीपी जात असेल तर तो नंबरही बदला. आत गेल्यावर केलेल्या अर्जांमध्ये ह्या वर्षीचा अर्ज आहे का ते बघा. कित्येकींचा अर्जच नसतो, कारण त्यांना वाटतं एकदा भरला की चार वर्षं चालतो. चालत नाही. दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं.

अर्ज असेल तर तो कुठल्या टेबलावर आहे ते तिथे दिसतं. कॉलेजच्या लॉगिनला पेंडिंग असेल तर स्कॉलरशिप बघणाऱ्या क्लार्कला भेटा, मंत्रालयात फोन करून काही होणार नाही. विभागाकडे पेंडिंग असेल तर जिल्ह्याच्या ऑफिसला जावं लागेल. 'सेंड बॅक' दिसत असेल तर म्हणजे काहीतरी कागद चुकलाय आणि तो दुरुस्त करून तुम्हालाच परत सबमिट करायचाय, आणि ह्याला मुदत असते, ती गेली की त्या वर्षाचा अर्ज गेला. सेंड बॅकचा मेसेज येतो पण तो जुन्या नंबरवर जातो आणि इकडे पोरगी सहा महिने वाट बघत बसते.

अर्ज मंजूर आहे तरी पैसे नाहीत, असं असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, तुमचं बँक खातं आधारला सीड आहे का, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे त्याच खात्यात जमा होतात का. नुसतं लिंक आहे असं बँकवाले सांगतात त्यावर जाऊ नका, सीडिंग कुठल्या बँकेला आहे ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं, आणि कधी कधी भलत्याच खात्याला असतं, कुठल्यातरी पेमेंट बँकेचं खातं मोबाईलच्या दुकानात उघडलेलं असतं आणि पैसे तिकडे जाऊन पडलेले असतात, असंही झालंय. दुसरं, हप्ता मंजूर झाल्यावर लॉगिनमध्ये जाऊन रिडीम करायचं, म्हणजे तो हप्ता खात्यात मागवून घ्यायचं बटण दाबायचं, राहिलंय का.

एससीच्या मुलामुलींसाठी एक गोष्ट ठळक सांगते. भारत सरकार पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपमध्ये २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली फीची रक्कम विद्यार्थ्याने कॉलेजला भरायची असते. घरी खात्यात एकदम एवढे पैसे दिसले की ते दवाखान्याला, बियाण्याला, बहिणीच्या लग्नाला जातात, कुणाला दोष द्यायचा, आणि मग कॉलेज म्हणतं तुमची फी तुमच्याकडे आली, भरा. तेव्हा पासबुक भरून आणा आणि ही रक्कम येऊन गेलीय का ते आधी बघा. येऊन खर्च झाली असेल तर तसं स्पष्ट सांगून कॉलेजकडून हप्ते पाडून घ्या. 'स्कॉलरशिप आलीच नाही' म्हणून भांडायला गेलात तर क्लार्क स्क्रीनवर तारखेसकट दाखवेल.

आणि तिसरा प्रकार, जो कुणी कबूल करत नाही: पैसा अडकलेला नाही, बंदही झालेला नाही, तो पहिल्यापासूनच पुरणारा नव्हता. फी माफी म्हणजे ट्यूशन फी आणि परीक्षा फी. होस्टेल, मेस, कॉलेजची बस, युनिफॉर्म, डेव्हलपमेंट फी, कम्युनिटी पोस्टिंगला जायचा खर्च, फाइली, हे सगळं त्याच्या बाहेर. एका वहीत पुढच्या राहिलेल्या सगळ्या सेमिस्टरचा खर्च लिहून काढा, फीचा वेगळा आणि जगण्याचा वेगळा, कारण दोघांना पैसे वेगवेगळ्या दारांतून मिळतात.

हे सगळं चालू असताना वॉर्ड सोडायचा नाही

ही पायरी खरं तर पहिलीच लिहायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. पैशाचं टेन्शन आलं की पोरी पहिलं काय करतात तर घरी जातात. पंधरा दिवस, महिनाभर. फीची थकबाकी नंतर भरता येते, थोडा दंड लागेल, बोलणी खावी लागतील, पण भरता येते. क्लिनिकलचे तास तसे भरून निघत नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाने परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के अटेंडन्स लागतो, आणि डिग्री हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलचा अटेंडन्स १०० टक्के पूर्ण करावाच लागतो. म्हणजे आज बुडवलेली लेबर रूमची पोस्टिंग उद्या सुट्टीत भरून द्यावी लागणार, तेव्हा होस्टेलचा आणि मेसचा खर्च परत आला. कमी अटेंडन्समुळे परीक्षा हुकली, परीक्षा हुकल्यामुळे रिझल्ट नाही, रिझल्ट नाही म्हणून स्कॉलरशिपचं रिन्यूअल नाही आणि बँकेचा पुढचा हप्ता नाही. एका महिन्याची गैरहजेरी अशी वर्षभराला पडते.

बॅकलॉगचंही सांगते. सेमिस्टर पॅटर्नमध्ये एखादा विषय राहिला तरी पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, त्यामुळे सुरुवातीला निवांत वाटतं. पण पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसायच्या आधी मागचं सगळं क्लिअर पाहिजे, मग सातव्याच्या आधी, मग आठव्याच्या आधी. पैशाची बहुतेक भांडणं पाचव्या सेमच्या आसपास का होतात ते यावरून कळेल, तिथे अडकलं की स्कॉलरशिप आणि लोन दोन्ही एकदम थांबतात. नापास होऊन त्याच वर्गात राहिलात तर त्या वर्षाची फी माफी सहसा मिळत नाही, हे धरूनच चाला. म्हणून ट्रस्टचे दहा फॉर्म भरण्यापेक्षा राहिलेला ॲनाटॉमी-फिजिओलॉजी आधी काढणं हा पैशाचाच उपाय आहे, हे कुणाला पटत नाही पण आहे.

कॉलेजला तोंडी नाही, कागदावर सांगा

घाबरू नका, प्रिन्सिपल मॅडम खाणार नाहीत. आणि खाल्लं तरी कागद आपला तयार पाहिजे.

एक साधा अर्ज लिहायचा: मी अमुक वर्षाची विद्यार्थिनी, माझी स्कॉलरशिप अमुक कारणाने प्रलंबित आहे, अर्जाचा आयडी हा, सोबत स्क्रीनची प्रिंट जोडलीय, मला परीक्षेचा फॉर्म भरू द्यावा, आणि राहिलेली फी मी अमुक अमुक महिन्यात अशा हप्त्यांत भरेन. खाली आईवडिलांची सही. दोन प्रती. एक ऑफिसला द्यायची, दुसरीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा. हा शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

तारीख महत्त्वाची. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत विद्यापीठ ठरवतं, त्यानंतर लेट फी, मग सुपर लेट फी आणि मग दार बंद. अर्ज ह्या मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी गेला पाहिजे, शेवटच्या दिवशी वडिलांना घेऊन केबिनबाहेर उभं राहिलात तर मॅडमच्या हातातही काही नसतं. हप्त्यांचा शब्द दिलात की पहिला हप्ता लहान का असेना वेळेवर भरा आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या. क्लार्कच्या जीपेवर पैसे टाकू नका, कॉलेजच्या खात्यातच टाका.

अजून एक, फी नक्की किती आहे ते बघितलंय का? महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्याने, आणि कॉलेजनिहाय मंजूर फी त्यांच्या वेबसाइटवर असते. तुमच्या कॉलेजचं नाव शोधा, वर्ष बघा, पावतीशी ताडून बघा. जास्त घेत असतील तर तिथेच तक्रार करता येते. मात्र होस्टेल-मेस-बसचे पैसे त्या आकड्यात नसतात, ते बघून लगेच भांडायला जाऊ नका.

तुमची एखादी योजना राहून गेलीय का

बहुतेकांना एकच योजना माहीत असते, ती म्हणजे मैत्रिणीने भरलेली.

मुलींसाठी सगळ्यात मोठं म्हणजे ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, आधी हे ५० टक्के होतं. वैद्यकीय शिक्षण विभागाचे कोर्सही त्यात येतात. ज्या आधीपासून शिकतायत आणि रिन्यूअल करतायत त्यांनाही हे लागू आहे, 'ते फक्त नवीन ॲडमिशनला' असं कुणी सांगितलं तर शासन निर्णय डाउनलोड करून दाखवा. पण अट अशी की ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली असेल तर नाही, आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठातलं कॉलेज असेल तरीही नाही.

ओपनमधल्या, ८ लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ५० टक्के. तिथे दोन अपत्यांची अट आहे, रेशन कार्ड मागतात ते त्यासाठीच, आणि कोर्सच्या मध्ये दोन वर्षं किंवा जास्त गॅप पडला तर योजना जाते. एससीमध्ये उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं म्हणून पोस्ट मॅट्रिक बंद पडली तर फ्रीशिप म्हणजे फी माफी आहे, ती वेगळी योजना आहे आणि वेगळा अर्ज करायचा, हे तर कितीतरी जणांना माहीतच नसतं, ते सरळ म्हणतात बंद झाली. उत्पन्न वाढलं तर योजना बदलते, कायमची बंद होतेच असं नाही.

जगण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. एससी आणि नवबौद्धांसाठी स्वाधार: सरकारी होस्टेलला नंबर लागला नाही तर बाहेर राहायला पैसे, मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिका शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. मात्र ज्या गावात कॉलेज, त्याच गावात घर असेल तर नाही. एसटीसाठी स्वयम् योजना, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ओपनवाल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. यातले पैसे बऱ्याचदा उशिरा येतात, सत्र संपल्यावर येतात, त्यामुळे ह्या महिन्याच्या मेसचं बिल त्यावर भागेल असं समजू नका, पण अर्ज मात्र करून ठेवा, कारण उशिरा आलेल्या पैशातून उसने तरी फिटतात.

आई किंवा वडील बांधकामावर असतील आणि बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद असेल तर मुलांच्या डिग्रीसाठी तिथून दरवर्षी शैक्षणिक मदत मिळते. नोंदणी चालू पाहिजे, रिन्यू केलेली पाहिजे. वडिलांना भांडी मिळाली, पेटी मिळाली हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पोरीच्या शिक्षणाचे पैसे मिळतात हे कुणाला माहीत नसतं.

कागद कुठले? तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल, कॅपचं अलॉटमेंट लेटर, मागच्या वर्षाची मार्कशीट, बोनाफाईड, गॅप असेल तर ॲफिडेव्हिट. सगळ्यांचे स्कॅन मोबाईलमध्ये एका फोल्डरला ठेवा. जात पडताळणी हा बारावीतच करायचा उद्योग आहे, राहिली असेल तर आजच लागा, ती सगळ्यात जास्त वेळ खाते.

जिल्ह्याला कुणाकडे जायचं ते पण सांगते, लोक चुकीच्या ऑफिसबाहेर दिवस घालवतात. एससी असाल तर समाज कल्याणचे सहायक आयुक्त, ओबीसी-व्हीजेएनटी असाल तर इतर मागास बहुजन कल्याणचं ऑफिस, एसटी असाल तर आदिवासी प्रकल्प कार्यालय. तिथे गेल्यावर अर्ज आयडी आणि शिक्का मारलेली प्रत हातात पाहिजे. त्यानंतरही हललं नाही तर आपले सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाका, त्याला उत्तर द्यावंच लागतं, उत्तर कसं का असेना.

मग बँक

ज्यांचं आधीच लोन चालू आहे आणि हप्ता थांबलाय त्यांनी आधी ब्रँचला जाऊन कारण विचारा. बँक एज्युकेशन लोनचे पैसे वर्षागणिक देते, प्रत्येक वेळी मागच्या वर्षाची मार्कशीट, कॉलेजचं फीचं डिमांड लेटर आणि आधीच्या पावत्या लागतात. बऱ्याचदा एवढंच राहिलेलं असतं. मॅनेजर बदलला आणि फाइल सापडेना, हे पण चालतं. रिझल्ट उशिरा लागला असेल तर कॉलेजकडून तसं पत्र घ्या की विद्यापीठाचा निकाल अजून लागलेला नाही, विद्यार्थिनी पुढच्या सेमिस्टरला नियमित हजर आहे. हे पत्र चालून जातं.

नवीन लोन कोर्सच्या मध्यातही मिळतं, राहिलेल्या वर्षांसाठी. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा, तिथे नोंद राहते. बँकांच्या नेहमीच्या स्कीमप्रमाणे ४ लाखांपर्यंत तुमचा स्वतःचा वाटा लागत नाही, त्याच्या वर भारतातल्या शिक्षणाला ५ टक्के लागतो, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नसतं, आई किंवा वडील सह-कर्जदार म्हणून लागतात. फक्त फी नाही, होस्टेल, पुस्तकं, युनिफॉर्म, लॅपटॉप यांचाही खर्च यात दाखवता येतो, तेव्हा कॉलेजकडून फी स्ट्रक्चर घेताना होस्टेल-मेससकट घ्या. मॅनेजरने तोंडी 'होत नाही' म्हटलं तर कारण लेखी मागा. नाकारायचं असेल तर वरच्या ऑफिसची संमती घेऊन, कारण सांगून नाकारायचं असतं, काउंटरवरून हात हलवून नाही. नम्रपणे मागा पण मागा.

व्याजाचं बघा. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज सवलत योजनेत, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, कोर्स चालू असतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. लोन मात्र शेड्युल्ड बँकेचं आणि बँकांच्या त्या नेहमीच्या स्कीममधलं पाहिजे. खासगी फायनान्स कंपनीने दोन दिवसांत मंजूर केलेल्या लोनला हे मिळत नाही, तिथे व्याज पहिल्या महिन्यापासून चालू. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीची जाहिरात सगळीकडे दिसते, बिनतारण, बिनजामीन, पण ती रँकिंगमधल्या निवडक संस्थांसाठीच आहे. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते बघूनच आशा धरा, जिल्ह्यातली बहुतेक खासगी नर्सिंग कॉलेजं त्यात सापडायची नाहीत.

ओबीसी मुलामुलींसाठी राज्याच्या ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे, एससीसाठी महात्मा फुले महामंडळ. जिल्ह्याच्या ऑफिसला एक चक्कर मारून या.

आणि मोबाईलवरची झटपट लोनची ॲप. नको. फीसाठी दहा हजार घेतले आणि कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना घाणेरडे मेसेज गेले, असले प्रकार आपल्या आजूबाजूलाच होतात. अगदीच गळ्याशी आलं तर आईच्या बचत गटातून किंवा पतसंस्थेतून, नाहीतर बँकेत सोनं ठेवून घ्या. तेही एका सेमिस्टरपुरतं, आणि स्कॉलरशिपचा हप्ता आला की पहिलं ते फेडायचं.

ट्रस्ट आणि विद्यापीठ

विद्यापीठाकडे विद्यार्थी कल्याणाच्या योजना असतात, कमवा व शिका, धन्वंतरी विद्याधन वगैरे, आणि त्यांचे अर्ज कॉलेजमार्फतच जातात. कॉलेजमधल्या विद्यार्थी कल्याण अधिकारी कोण ते विचारा. बऱ्याच कॉलेजांत हे पद एखाद्या मॅडमच्या गळ्यात मारलेलं असतं आणि कुणी विचारत नाही म्हणून त्याही विसरलेल्या असतात.

बाहेर बघायचं तर पुण्याचं लीला पूनावाला फाउंडेशन मुलींना स्कॉलरशिप देतं, त्यात नर्सिंगही आहे, पण ठराविक जिल्ह्यांसाठी आणि मुलाखत घेऊन. पुण्यात शिकत असाल आणि होस्टेलचाच खर्च झेपत नसेल तर विद्यार्थी सहायक समिती आहे, १९५५ पासून गावाकडच्या मुलामुलींची राहायची सोय करतात. घरातला कमावता माणूस गेला, मोठं आजारपण आलं अशी अडचण असेल तर एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन स्कॉलरशिपमध्ये अशा विद्यार्थ्यांचा वेगळा विचार होतो.

ट्रस्टला लिहिताना रडगाणं गाऊ नका, त्यांच्याकडे असे गठ्ठे येतात. त्यांना हे सांगा: कुठल्या वर्षात आहे, आतापर्यंतचे सगळे सेमिस्टर पास आहे, फी एवढी, एवढी भरलीय, एवढी राहिलीय, बाकी कुठून कुठून प्रयत्न केलेत, आणि नेमकी एवढी रक्कम कमी पडतेय. 'मदत करा' पेक्षा 'सहाव्या सेमिस्टरचे १८ हजार कमी आहेत' ह्याला लवकर उत्तर येतं. पैसे थेट कॉलेजच्या खात्यात द्या असंही लिहा, विश्वास बसतो. आणि सरकारी स्कॉलरशिप असताना ही चालते का ते दोन्हीकडे विचारून घ्या.

मुख्यमंत्री सहायता निधीकडे फीसाठी अर्ज करा असं गावचे पुढारी सांगतात. तो प्रामुख्याने उपचारांसाठीच्या मदतीचा आहे, त्यात महिना घालवू नका.

शिकता शिकता काम करायचं तर

नर्सिंगला हे अवघड आहे हे आधीच सांगते. सकाळी सातला वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन आणि केस स्टडी लिहायच्या. तरी कुणी कुणी जवळच्या खासगी हॉस्पिटलात नाइट करतात, सिस्टरच्या नावाखाली. करू नका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय तुम्ही नर्स म्हणून काम करू शकत नाही, आणि रात्री तीनला एखादं इंजेक्शन चुकलं तर हॉस्पिटल म्हणणार आम्ही हिला ओळखत नाही. ब्यूरोमार्फत (घरी नर्स पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत) घरगुती पेशंटकडे बारा तासांची ड्युटी हाही प्रकार आहे, सुट्टीत ठीक, सेमिस्टर चालू असताना त्याने अटेंडन्स जातो, आणि अटेंडन्स गेला की काय होतं ते वर लिहिलंच आहे. त्यापेक्षा शाळेच्या पोरांच्या शिकवण्या, शनिवार-रविवारी मेडिकल स्टोअरमध्ये बिलिंग, असलं बघा. पैसे कमी मिळतील.

ब्रेक घ्यायचीच वेळ आली तर

सगळं करून नाहीच जमलं, तर कॉलेज 'सोडायचं' नाही, ब्रेक घ्यायचा. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोर्स पूर्ण करायला जास्तीत जास्त ८ वर्षं मिळतात, म्हणजे जागा आहे. पण मध्येच बाहेर पडलं तर अर्ध्या बी.एस्सी.चं काहीही सर्टिफिकेट मिळत नाही, दोन वर्षं केली म्हणून एएनएम (नर्सिंगचा दोन वर्षांचा छोटा कोर्स) होत नाही आणि तीन वर्षं केली म्हणून जीएनएम होत नाही. शिवाय खासगी कॉलेजात सीट रद्द केली तर उरलेल्या वर्षांची फी मागतात, ॲडमिशनच्या वेळी वडिलांनी सही केलेलं हमीपत्र काढून वाचा त्यात काय लिहिलंय.

ब्रेक घ्यायचा तर सेमिस्टर पूर्ण करून, परीक्षा देऊन मग घ्या, मध्येच नको. जाताना कॉलेजला लेखी अर्ज, कारण, परत कधी येणार ते, आणि प्रत्येक पोस्टिंगचे भरलेले तास दाखवणारी क्लिनिकल रेकॉर्डची प्रत सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा, वर्षभराने परत आल्यावर इन्स्ट्रक्टर बदललेल्या असतात आणि तुमची ऑर्थो पोस्टिंग झाली होती का हे कुणालाही आठवत नसतं. शाहू महाराज योजनेतले असाल तर गॅप दोन वर्षांपर्यंत जाऊ देऊ नका. परत आल्यावर गॅपचं ॲफिडेव्हिट लागेल.

लोन चालू असेल तर बँकेलाही लेखी कळवा, आणि कळवताना 'कोर्स सोडला' असं कुठेही लिहू नका, कारण मध्येच कोर्स सोडणाऱ्यांना व्याज सवलत मिळत नाही, आजारपणाचं कारण असेल तरच विचार होतो. कोर्स लांबला तर बँक पूर्ण करायची मुदत वाढवून देऊ शकते, साधारण दोन वर्षांपर्यंत, पण ते आपोआप होत नाही, कॉलेजचं पत्र लावून मागावं लागतं. नाहीतर मूळ तारखेप्रमाणे कोर्स संपला असं धरून एक वर्षाने हप्ते चालू होतात, तुम्ही अजून सातव्या सेमिस्टरला असता, आणि थकबाकी वडिलांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, लागते.